मे महिना आला की रेकॉर्डवरचा सा उतरतो: एका टर्नटेबलची तीन उन्हाळ्यांची झाडाझडती

"काहून ताई, दर साली मे महिन्यातच येता तुम्ही?"

नागपुरात बर्डीवरच्या एका बोळात रेडिओ, डेक, टर्नटेबल दुरुस्त करणारे एक भाऊ बसतात. तिसऱ्या वर्षी चादरीत गुंडाळलेलं टर्नटेबल त्यांच्या टेबलावर ठेवलं तेव्हा त्यांनी हे विचारलं. तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं की तक्रारही तीच आणि महिनाही तोच. रेकॉर्ड वाजते, खरखर नाही, घरघर नाही, पण सगळं गाणं एक पायरी खाली उतरून बसलेलं. गायक दमल्यासारखा, तबला ओला झाल्यासारखा. भाऊ दर वेळी नवा बेल्ट, म्हणजे मोटरवरून रेकॉर्डखालची थाळी फिरवणारा रबरी पट्टा, घालून द्यायचे. दिवाळीत छान, संक्रांतीला छान, होळीपर्यंत ठीक, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत पुन्हा तेच.

रेकॉर्डी बाबांच्या आहेत. वसंतराव देशपांडे नागपुरात सप्रे गुरुजींकडे शिकलेले, त्यामुळे बाबांच्या लेखी ते घरचेच. त्यांच्यापासून सुरू झालेला संग्रह पुढे अमीर खाँ, किशोरीताई आमोणकर, कुमार गंधर्व असा वाढत गेला. आता तो आमच्या प्रतापनगरच्या घरात वरच्या मजल्यावर आहे, थेट स्लॅबखाली. दुपारी तीनला त्या खोलीत काय होतं ते नागपूरकरांना सांगायला नको.

हे लिहिण्याचं कारण एवढंच की मी दोन वर्षं चुकीच्या गोष्टीवर पैसे घातले. तुमचाही सा उन्हाळ्यात उतरत असेल तर बेल्टच्या दुकानात जाण्याआधी पुढचं करून बघा.

उतरलाय की डोलतोय?

हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. पहिल्यात अख्खं गाणं खाली जातं आणि खालीच राहतं. दुसऱ्यात सूर वर-खाली हेलकावतो. हे ओळखायला गायकाकडे लक्ष देऊ नका, मागचा तानपुरा ऐका. गायक मींड घेईल, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाईल, आंदोलन देईल, म्हणजे सूर झुलवेल, मुद्दाम श्रुती चढी लावेल. तानपुऱ्याला असलं काही करायचं नसतं. तो हलला तर यंत्र हललं.

हे मला कसं कळलं ते सांगते, कारण त्यात माझी चांगलीच फजिती आहे. अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली जी प्रसिद्ध एलपी (लाँग प्ले रेकॉर्ड) आहे, तीच मी तपासायला लावली होती. याहून वाईट निवड शोधून सापडली नसती. मारव्यात गायक सा टाळत टाळत जातो, आणि मी बसले सा शोधत. कंटाळून बाजू पालटली तर दरबारी. तिथला कोमल गंधार मुळात आंदोलितच. हा डोल खाँसाहेबांचा की माझ्या टर्नटेबलचा, यावर मी आणि शेजारच्या काकांनी चहाचे दोन कप संपवले. काका हार्मोनियम वाजवतात. शेवटी तेच म्हणाले, "अगं, गाणं सोड. सुरुवातीचा नुसता तानपुरा लाव."

तेव्हा तपासायला भूप, यमन, दुर्गा असलं काही घ्या, ज्यात सा-प भरघोस आहेत. हार्मोनियम किंवा मोबाइलवरचं तानपुऱ्याचं ॲप जुळवा आणि कुठे जुळलं ते लिहून ठेवा. मी आता दर रेकॉर्डच्या आतल्या कागदी पाकिटावर पेन्सिलीने लिहिते: "काळी एक, किंचित खाली, जानेवारी." काळी एक, पांढरी एक ही हार्मोनियमच्या पट्ट्यांची नावं. थंडीतली ही नोंद म्हणजे त्या रेकॉर्डचा जन्मदाखला. उन्हाळ्यात शंका आली की तिच्याशी ताडून बघायचं. मुळात काही रेकॉर्डी काळी एक आणि पांढरी एकच्या मधेच कुठेतरी वाजतात, कारण त्या मैफिलीचा तानपुराच तसा लावलेला असतो. आधीची नोंद नसेल तर भलत्याच गोष्टीला दोष लागतो.

शंभर फेऱ्या

सा खरंच उतरला असेल तर आता मोजायचं. एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. रेकॉर्डच्या काठाखाली कागदाची बारीक पट्टी सरकवा, तिचं टोक बाहेर राहू द्या, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि मोजा. आमच्याकडे हे काम मुलाकडे आहे. सत्तरच्या पुढे त्याचा आवाज असा होतो की जणू मी त्याला गोणी उचलायला लावल्या आहेत.

१०० च्या ऐवजी ९७ आल्या तर सूर साधारण अर्धी पट्टी उतरलेला आहे. ९४ म्हणजे पूर्ण एक पट्टी. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी एकमध्ये आला. ९९ असतील तर सोडून द्या, तेवढ्याने रात्रीची झोप जाऊ नये.

पण हे दोनदा मोजायचं. एकदा सुई रेकॉर्डवर टेकवून आणि एकदा सुई वर उचलून. खरी मेख इथे आहे. सुई उचलल्यावर १०० आणि टेकवल्यावर ९५ येत असतील तर बेल्ट घसरतोय. सुईचा एवढासा ओढाही त्याला झेपत नाही. तो बदला. दोन्ही वेळा आकडा सारखाच कमी येत असेल तर दोष सुईच्या ओढ्यात नाही, थाळीच आधीपासून जड चालली आहे किंवा मोटरच कमी फिरते आहे. माझे आकडे आले ९५ आणि ९६. दोन वर्षं मी बेल्ट बदलत होते.

जुन्या यंत्रांच्या थाळीवर काठाला ठिपके असतात किंवा सोबत रेषांची गोल चकती मिळते, ती स्ट्रोबची, म्हणजे वेग तपासायची. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ साठी १८० रेषा लागतात आणि वेग बरोबर असला की त्या जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. फक्त हे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली किंवा साध्या पिवळ्या बल्बखाली बघावं. घरात सगळे एलईडी असतील तर बहुतेक वेळा रेषा नुसत्या धूसर दिसतील आणि तुम्ही उगाच डोळे चोळाल.

व्होल्टेजवर सगळं ढकलू नका

आपल्याकडे काहीही बिघडलं की पहिला आरोपी व्होल्टेज. कूलर लागले, लाइन डाऊन झाली, म्हणून रेकॉर्ड हळू झाली, असं मलाही तिघांनी सांगितलं. मी स्टॅबिलायझर घेतला. काडीचा फरक पडला नाही, आणि का पडला नाही ते नंतर कळलं. माझ्या यंत्रातली मोटर सिंक्रोनस आहे. तिचा वेग विजेच्या दाबावर ठरत नाही, वारंवारतेवर ठरतो. ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झला फार चिकटून असते. तिथला फरक कानाला कळण्याइतका नसतो. ॲडॉप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटरच्या यंत्रांत वेग सांभाळायला वेगळं सर्किट असतं, त्यांनाही थोड्या चढउताराचं काही वाटत नाही. साध्या इंडक्शन मोटरच्या जुन्या रेडिओग्रामसारख्या (रेडिओ आणि टर्नटेबल एकाच पेटीत असलेल्या) यंत्रांवर मात्र दाब फार उतरला की खरंच परिणाम होतो.

इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी. लाइट गेल्यावर टर्नटेबल इन्व्हर्टरवर चालू राहत असेल तर मोटर इन्व्हर्टर देईल त्या वारंवारतेने फिरते, आणि स्वस्त इन्व्हर्टर ती नेमकी ५० देईलच असं नाही. वर चौकोनी लहरीमुळे मोटर गुणगुणते ते निराळंच. लाइट गेली की रेकॉर्ड बंद करा, पंख्याखाली बसा.

दोषी सापडला तो असा

बेल्ट पूर्ण काढून टाकला आणि मोकळी थाळी हाताने साधारण नेहमीच्या वेगाने ढकलली. बावीस सेकंदांत ती थांबली. एवढी जड थाळी, सांध्यात सगळं नीट असेल तर कितीतरी जास्त वेळ फिरायला हवी.

थाळी वर उचलून घेतली. खालच्या दांड्यावर तेलाऐवजी तपकिरी डिंक होता, आजीच्या शिलाई मशीनच्या पोटात जमतो तसा. बोटाला लावला तर तार निघाली. आणि त्या डिंकात बारीक राखाडी धूळ होती. धूळ कुठून आली ते बघायला मी नुसती मान वर केली: चार फुटांवर, खिडकीत, कूलर. बाहेरच्या रस्त्याची धूळ आणि ताट्यांमधली ओल, दोन्ही तो बरोबर टर्नटेबलवर सोडत होता आणि मी झाकण उघडं टाकून गाणं ऐकत होते. उष्णतेने तेल आटलं, धूळ त्यात मळली, थाळी जड झाली. मग थाळी ओढण्याचा सगळा ताण बेल्टवर आला. नवा बेल्ट घट्ट असतो म्हणून काही महिने तो ओढून नेई. उन्हाळ्यात रबर लवकर सैल पडतं, शिवाय दिवसचे दिवस न वाजवता ठेवलं की मोटरच्या बारीक पुलीपाशी बेल्टला कायमचा मुडपा पडतो. म्हणून हार मानणारा दर वेळी बेल्टच असायचा आणि भाऊंनाही तोच दिसायचा.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने दांडा आणि तो बसतो ते भोक दोन्ही पुसून काढलं. नऊ काड्या काळ्या झाल्या, दहावी पांढरी निघाली. मग शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे दोन थेंब. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळं तेल सांगितलं असेल तर तेच घ्या. ग्रीस नको. आणि खोबरेल तर मुळीच नको. सासूबाईंनी सुचवलं होतं, मी जवळजवळ ऐकलंही होतं. नागपूरच्या डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल कसं थिजतं ते आठवलं आणि हात मागे घेतला.

तेलानंतर मोकळी थाळी दीड मिनिटाच्या वर फिरली. तोच जुना बेल्ट मोटरच्या पुलीवर आणि थाळीच्या कडेवर अल्कोहोलचा बोळा फिरवून परत चढवला. फेऱ्या ९९ आणि एक चतकोर.

तेव्हापासून टर्नटेबल कूलरच्या झोतातून हलवून आतल्या भिंतीला नेलं आहे. एप्रिल ते जून आठवडाभर वाजवायचं नसेल तर बेल्ट पुलीवरून उतरवून ठेवते, एका बोटाचं काम आहे. ज्यांची यंत्रं डायरेक्ट ड्राइव्ह आहेत, म्हणजे मोटर थेट थाळीच फिरवते, त्यांना बेल्टचा प्रश्नच नाही. त्यांनी वेग कमी-जास्त करायची पट्टी किंवा बटण दहा-बारा वेळा पुढे-मागे करून बघावं, आतली धूळ निघते.

आता डोलणाऱ्यांसाठी

तानपुरा दर दोनेक सेकंदांनी, अगदी नेमाने, वर-खाली जात असेल तर तो फेरीशी बांधलेला डोल आहे. एलपीची एक फेरी १.८ सेकंदांची असते. नेम नसेल, मधेच कधीतरी झोल बसत असेल, तर परत बेल्टकडे आणि पुलीकडे बघा.

नेमाच्या डोलाची दोन कारणं असतात आणि ती वेगळी काढणं सोपं आहे. रेकॉर्ड वाकलेली असेल तर त्रास बाहेरच्या कडेला, म्हणजे बाजूच्या सुरुवातीला जास्त होतो आणि आत जाता जाता कमी होतो. उलट सुरुवात सरळ आणि द्रुत बंदिशीपर्यंत येता येता डोल वाढत गेला, तर मधलं भोकच मध्यावर नाही. शेवटच्या खाचा मध्यापासून साधारण सहा सेंटीमीटरवर असतात. तिथे भोक अर्ध्या मिलिमीटरने सरकलेलं असलं तरी वेग ०.८ टक्का वर, ०.८ टक्का खाली असा हलतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरलं तर एका पट्टीचा पाव भाग झाला. आपल्या संगीतात श्रुतीवरून लोक भांडतात त्याहून तो जास्त आहे. सतारीचा झाला चालू असेल तर हे कुणाला कळणारही नाही. विलंबित ख्यालात लपत नाही.

वाकलेल्या रेकॉर्डचं मी जे केलं ते तुम्ही करू नका. किशोरीताईंच्या 'सहेला रे'ची एलपी कडेला बशीसारखी उचललेली होती. कुठेतरी ऐकलं होतं की दोन काचांमध्ये ठेवून ऊन दाखवलं की सरळ होते. मी गच्चीवर ठेवली. मे महिना, सकाळचे साडेदहा, वाटलं वीस मिनिटं पुरेत. मधे फोन आला. परत गेले तेव्हा काच हात लावण्यासारखी नव्हती. रेकॉर्ड अगदी सपाट निघाली, आरशासारखी, आणि काठावरच्या दोन बोटं रुंदीच्या खाचाही सपाट झाल्या होत्या. सुई टेकवली की आधी समुद्रासारखा श्श्श आवाज, मग कुठेतरी मधूनच भूप सुरू. पीव्हीसी साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं आणि आपल्या गच्चीवर काचेखाली तेवढं व्हायला वेळ लागत नाही. उन्हात उभ्या गाडीत रेकॉर्डची पिशवी ठेवून भाजी घ्यायला जाणंही त्यातच आलं.

दोन जाड काचा, त्यामध्ये रेकॉर्ड, वर शब्दकोश आणि जुने दिवाळी अंक, आणि हे सगळं घरात, सावलीत, दोन-तीन महिने. पूर्ण सरळ होत नाही. सुई उडी मारायची थांबते, एवढं मिळतं.

मुळात वाकू द्यायच्याच नसतील तर रेकॉर्डी उभ्या ठेवा, तिरक्या रेलू देऊ नका, एकावर एक रचू तर अजिबात नका. माळ्यावर स्लॅबला टेकून आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून नको. आमच्या सगळ्या आता खालच्या कप्प्यात आल्या आहेत. वरच्या कप्प्यात स्वयंपाकाची मोठी भांडी गेली, त्यावर घरात थोडी चर्चा झाली.

बाकीचं थोडक्यात

७८ च्या तबकड्यांना शंभर फेऱ्यांचा हिशेब लागू नाही, त्यांच्या एका मिनिटात ७८ मोजा. आणि आकडा बरोबर येऊनही सूर खटकला तर दोष यंत्राचा समजू नका. सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ लाच ध्वनिमुद्रित होत नव्हत्या. अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी, 'जमुना के तीर', कुठल्या पट्टीत धरायची हे शेवटी कानानेच ठरवावं लागतं. या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावलं तर लाख विरघळते. वर मी अल्कोहोलची इतकी स्तुती केली आहे म्हणून मुद्दाम सांगते.

कॅसेटचा डेक हळू चालत असेल तर आतले बेल्ट बघा. नागपूरच्या उन्हाळ्यात ते वितळून काळं डांबर होतात. कॅसेट वेगाने नीट चालते पण आवाज रजईतून आल्यासारखा येतो, तर टेपला हेडवर दाबणारी इवलीशी नमद्याची गादी निसटलेली असते. बाबांनी शनिवारी रात्री साडेनऊचे आकाशवाणीचे अखिल भारतीय संगीत कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेतले होते. त्यातल्या सात कॅसेटच्या गाद्या पडल्या होत्या. रिकाम्या, भजनाच्या वगैरे स्क्रूवाल्या कॅसेटमधली गादी काढून बसवली की झालं.

जुलैत रेकॉर्डीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. उन्हाळाभर कूलरच्या ओलीत ठेवलेल्या रेकॉर्डींना ती आधी धरते. एलपी असेल तर डिस्टिल्ड पाणी, म्हणजे बॅटरीच्या दुकानात मिळतं ते, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने गोल. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. नळाचं पाणी वापरलंत तर वाळल्यावर क्षार खाचांत बसतात आणि पुढे जन्मभर कुरकुर ऐकावी लागते.

हे सगळं करूनही दोन्ही मोजण्यांत आकडा ९७ च्या खालीच राहिला तर मोटरची पुली घिसली असेल किंवा मोटरच थकली असेल. ते घरी करण्याचं काम नाही. मेकॅनिककडे जाताना दोन्ही आकडे कागदावर लिहून न्या आणि थाळी मोकळी किती सेकंद फिरते तेही सांगा. भाऊंना मी यंदा ते दाखवलं तर त्यांनी कागद काउंटरच्या काचेखाली ठेवून घेतला.

माझी एक रेकॉर्ड अजून डोलते. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याच्या आवराआवरीत मिळालेली, सनईची, शेवटच्या पाच मिनिटांत सूर पाळण्यात बसल्यासारखा. भोक सरकलेलं आहे, मोजून खात्री केली आहे. उपाय आहे: रीमरने, म्हणजे भोक रुंद करायच्या हत्याराने, भोक किंचित मोठं करायचं, रेकॉर्ड थाळीवर सैल ठेवायची आणि सुईचा दांडा डावी-उजवीकडे हलायचा थांबेपर्यंत बोटाने सरकवत राहायची. रीमर आणला आहे. गेल्या सप्टेंबरपासून ड्रॉवरमध्ये आहे. 'सहेला रे'नंतर हात होत नाही.